एकटा गेलेला कागद

सोमवार, १६ जून २०२५

टेबल हललं! म्हणजे माझं. मेडिकल कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या लायब्ररीतून थेट तळमजल्यावर, मेडिसिनच्या ओपीडीबाहेर, पाण्याच्या कूलरशेजारी. पुढे दोन वॉर्डबॉय आणि टेबल, मागे मी — करवलीसारखी.

डीन सरांनी मे महिन्यातच सांगितलं होतं. मासिकं आता सगळी पडद्यावर. वाचनकक्षात पोरं एसीत झोपायला येतात. अर्धं दालन कौशल्य-प्रयोगशाळेला द्यायचं, तिथे रबराच्या बाहुल्यांच्या छातीवर दाब द्यायला शिकवणार. "मॅडम, तुमची निवृत्ती जवळ आली. उरलेल्या अर्ध्या दालनात निवांत बसा." निवांत! मला? मी त्याच दुपारी हर्षालीला गाठलं.

डॉ. हर्षाली आता मेडिसिनमध्ये आहे, सिकलसेलचा दवाखाना तीच चालवते. शिकत असताना पुस्तकं उशिरा परत करणाऱ्यांत हिचा पहिला नंबर. म्हणाली, "आपा, आमच्याबरोबर राउंडला चला. प्रश्न तिथे खाटेजवळ पडतात. तिसरा मजला चढेपर्यंत आम्ही ते विसरतो."

म्हणून हे टेबल. घरी फरहानचे अब्बा म्हणाले, "लोकांना काय सांगू? बायको लायब्रेरियन की कंपाउंडर?"
म्हटलं, सांगा, बायको कामावर गेलीय.

तसं मी कुठे लायब्ररीचं शिकून आले होते! माझ्या वडिलांचं दूध बाजारात जिल्दसाजीचं, पुस्तकबांधणीचं दुकान. कॉलेजची मासिकं वर्षाअखेरी बांधायला यायची, ती पोचवायला मी. बांधता बांधता चाळायला लागले, चाळता चाळता लावायला लागले. एक दिवस जुन्या ग्रंथपालांनी विचारलं, "रोज येतेसच, तर पगार घेऊन का येत नाहीस?" सर्टिफिकेट मागाहून. कॉम्प्युटर तर माझ्या पोराच्या, फरहानच्या शाळेच्या पुस्तकावरून शिकले, त्याच्याच शिव्या खात. तेव्हा एक टेबल हललं म्हणून मी हलत नाही.

मंगळवार, १७ जून

कूलरशेजारचं टेबल म्हणजे चौकशीची खिडकीच. एक्सरे कुठे, लघवीची बाटली कुठे, नातू कुठे. संध्याकाळपर्यंत सगळं सांगितलं. नातूसुद्धा सापडला.

सोमवार, २३ जून

पहिला राउंड. पांढऱ्या कोटांच्या मागे माझा मोरपंखी दुपट्टा! एका आजोबांना वाटलं मी नातेवाईक आहे कुणाची तरी. म्हणाले, "बाई, तुमचं माणूस कोणतं?" काय सांगणार! म्हटलं, सगळीच.

काम असं — डॉक्टर खाटेजवळ बोलतात, मी ऐकते. "या वयात हे औषध चालेल का?" "मूत्रपिंड कमजोर असताना डोस किती कमी?" प्रश्न टिपायचा, टेबलाशी यायचं, शोधायचं. एक नाही, चार ठिकाणी. जुनं काय, नवं काय, कुठला लेख नंतर मागे घेतला गेला, तेही बघायचं. दुपारच्या चहापर्यंत अर्ध्या पानावर मांडून हर्षालीच्या हातात. काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. मी भाजी निवडून, धुऊन, चिरून देते. फोडणी त्यांची.

आज तीन प्रश्न आले. दोन जमले. तिसऱ्याला स्वच्छ लिहिलं — याचं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. हर्षाली म्हणाली, "हे कळणंही कामाचं असतं, आपा." चालत घरी आले, रिक्षा केलीच नाही.

गुरुवार, १० जुलै

दर गुरुवारी सिकलसेलचा दवाखाना. सुरगाणा, पेठ, तिकडच्या डोंगरातली माणसं पहाटेच्या एसटीने येतात. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि अंग असं ठणकतं की माणूस ओरडतो. घराण्यातून येतो. कुणाचा दोष नाही.

आज रोशनी भेटली. सुरगाण्याकडची, कोवळी पोर, लग्न होऊन दोन वर्षं. बारावी झालेली. नवरा दत्तू. हंगामात दोघं मजुरांच्या टोळीबरोबर सायखेड्याला द्राक्षबागेत येतात, बाकी दिवस घरची भातशेती. सोबत सासू झुंबरबाई — उंच, काटक, आणि सुनेचा हात जत्रेत धरावा तसा धरून. मागच्या वर्षी हर्षालीने रोशनीला रोजची गोळी सुरू केली. नाव हायड्रॉक्सियुरिया. त्याआधी दर दोन-तीन महिन्यांनी भरती व्हायची पोर. आता वर्ष झालं, एकदाही नाही!

केसपेपरसाठी थांबली असताना टेबलाशी आली.
"मॅडम, तुम्ही पुस्तकवाल्या ना? मग मला सांगा, ही गोळी आहे कशाची?"
झुंबरबाई म्हणाल्या, "डाक्टरनं सांगितलं ना, रगताची."
"रगताची म्हणजे काय, आई? समदंच रगताचं असतंय."

मला पोर फार आवडली. डॉक्टरांसाठी अर्धं पान लिहिते, तर हिच्यासाठी का नको?

सोमवार, २१ जुलै

कागद तयार! मराठीत, मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी. गोळी काय करते, कशी घ्यायची, रक्त का तपासायचं, मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना का सांगायचं. आणि एक ओळ — "हेच औषध काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्येही वापरतात."

हर्षाली त्या ओळीपाशी थांबली. "आपा, ही ठेवायची?"
"का? खोटी आहे?"
"खोटी नाही. पण…"
"मग पण कसला? गोळीच्या डबीत इंग्रजी कागद असतो, त्यात आहेच ना? इंग्रजीवाल्याला सांगायचं आणि मराठीवाल्याला नाही, हा कुठला न्याय?"
ती हसली. "तुमच्याशी कोण वाद घालणार! पूर्वी दंड लावायचात, आता न्याय लावता."

माझा आयुष्यभराचा शिरस्ता आहे. वाचणाऱ्यापासून पान लपवायचं नाही. वडील म्हणायचे, फाटकं पान असलं तरी जिल्दीत बांधायचं, टाकून द्यायचा हक्क आपला नाही. डीन सरांना कागद इतका आवडला की कॉलेजच्या छापखान्यातून गठ्ठाच काढून दिला.

गुरुवार, २४ जुलै

कागद सगळ्यांना वाटून टाकले. रोशनीने उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं आणि घडी करून पिशवीत टाकला. एसटी गाठायची होती. झुंबरबाईंनी जाताना माझ्या टेबलावर अळवाच्या पानांची जुडी ठेवली. आमच्या घरी रात्री अळूवडी. फरहानचे अब्बा खूश — "कागद वाटत जा रोज!"

गुरुवार, २१ ऑगस्ट

रोशनी आली नाही. भाताची कामं असतील.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आजही नाही. हर्षालीने फोन लावला, बंद. तिच्या गावच्या आशाताईंनी सांगितलं, दोघं टोळीबरोबर छाटणीला सायखेड्याला गेलीत, सासूही. आज पेठचा एकजण आला, पण त्याने गोळ्या निम्म्याच संपवल्या होत्या. हर्षालीने का विचारलं तर इकडे तिकडे बघत राहिला.

मला वाटलं, कंटाळला असेल. रोजची गोळी, कंटाळा येणारच.

सोमवार, ६ ऑक्टोबर

काय लिहू!

राउंडला वॉर्डात शिरले तर रोशनी. कडेच्या खाटेवर, गुडघे पोटाशी, ओठ चावून पांढरे केलेले. काल सायखेड्याहून रिक्षाने आणली दत्तूने. पाठ, मांड्या, छाती, सगळीकडे ठणका. सलाईन, ऑक्सिजन, वेदनेचं औषध चालू. हर्षालीने हळू विचारलं, "गोळी?"

रोशनीने डोळे मिटले. झुंबरबाई बोलल्या.
"बंद केली. मीच केली. दोन महिनं झालं."
"का?"
त्यांनी माझ्याकडे बोट केलं. राउंडमधली सगळी पोरं वळून बघायला लागली.
"ह्या बाईनं कागद दिला ना! घरी सूनबाईनं वाचला, भावकी बसली व्हती. कॅन्सर म्हनून लिवलंय त्यात. मंग? माझ्या पोरीला कॅन्सर हाय का? नसंल, तर कॅन्सरची गोळी कामून देता? अन् असंल, तर मला सांगत का नाय?"

हर्षाली खाटेच्या कडेवर बसली आणि शांतपणे म्हणाली, "कॅन्सर नाही, आजी. मी शपथेवर सांगते."
"तू शपथ घेती. कागद येगळंच सांगतो. आम्ही कुनाचं धरायचं?"

बाहेर कूलरशी आले, पाणी प्यायले. तो पेठचा माणूस आठवला. कंटाळा म्हणे! मीच लिहिलं, मीच वाटलं, आणि वर अळूवडी खाल्ली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

रात्रभर पोर कण्हत होती, असं नर्सनी सांगितलं. आज ताप. हर्षाली म्हणते छाती स्वच्छ राहिली पाहिजे, छातीत गेलं तर अवघड. गोळी पुन्हा सुरू झाली नाही तर हे असं होतच राहणार, कधीतरी एकदा आवरणार नाही.

फरहानच्या अब्बांना सगळं सांगितलं. नेहमी थट्टा करणारा माणूस, आज नाही केली. म्हणाले, "गलत लिखा था?" म्हटलं, नाही. "मग?" मग काय, तेच तर कळत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

ताप उतरला. शुक्र है!

सकाळीच नवा कागद काढला. ती ओळ काढून टाकली. जन्मात पहिल्यांदा पान टाकलं मी. पण पोर जगली पाहिजे. घेऊन गेले वॉर्डात. रोशनी उशीला टेकून बसलेली. तिने वाचला, उलटला, पुन्हा वाचला.

"आपा, ते कॅन्सरचं कुठं गेलं?"
मी म्हटलं, त्याने उगीच भीती वाटते, म्हणून…
झुंबरबाई ताडकन उभ्या. "काढलं? काढलं ना? म्हंजी खरं हाय!" सगळ्या वॉर्डला ऐकू गेलं. "खोटं असतं तं ऱ्हाऊ दिलं असतं. आमी वरडलो तवा लपवलं!"

घ्या. पहिल्या कागदाने गोळी सुटली, दुसऱ्याने माझ्यावरचा उरलासुरला भरवसा. शेजारच्या खाटेवरची बाई तर स्वतःच्या गोळ्या हातात घेऊन निरखायला लागली!

मी स्टूल ओढलं आणि बसले. दोन्ही कागद मांडीवर घेतले.
"झुंबरबाई, पहिला खरा आहे. दुसरा मी तुमच्या भीतीला भिऊन लिहिला. फाडते." फाडला. "आता पहिला वाचू या. तुम्ही म्हणाल तिथे थांबायचं."
"आन् मंग?"
"मग तुम्ही विचारायचं."

कॅन्सरच्या ओळीपाशी थांबवलं त्यांनी. मी म्हटलं, चुना बघा, भिंतीला लावतात, पानालाही लावतात. भिंतीचं वेगळं, पानाचं वेगळं, माप वेगळं.
"मी पान खात नाय."
रोशनी हसली. दुखत होतं तरी हसली! मला मात्र घाम.

मग झुंबरबाई स्वतःच बोलल्या. हळू. "मला चुना नको सांगू. मला एवढंच सांग — हिच्या आदी ही गोळी कुनी कुनी खाल्ली? त्यांचं काय झालं? ज्यांनी नाय खाल्ली त्यांचं काय झालं?"

डॉक्टर होणाऱ्या पोरांना हा प्रश्न असा विचारायला शिकवताना माझा घसा कोरडा पडतो. म्हटलं, उद्या सांगते. शोधून सांगते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

काल दुपारपासून आज सकाळपर्यंत तेच काम. टेबलावर दोन वेळा चहा गार झाला. जे मिळालं ते हर्षालीकडून तपासून घेतलं, मग खाटेशी गेले. मुखोद्गत सांगितलं, कागद मुद्दाम नेला नाही.

खाल्ली त्यांना ठणका कमी आला, दवाखाना कमी लागला, ती जास्त जगली. काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, म्हणून तर रक्त तपासायचं, कमी झाल्या की गोळी थांबवतात, पुन्हा देतात. न खाल्लेल्यांत जास्त दगावले. कॅन्सर? वर्षानुवर्षं नजर ठेवली, गोळीमुळे वाढलेला दिसला नाही. पण आणखी पुढच्या वर्षांचं कुणी सांगू शकत नाही. मीही नाही.

"ही कुठली मान्सं?"
"बरीचशी परदेशातली. आजार हाच."
"त्यांचं खानं येगळं, पानी येगळं. आपल्यातली व्हती का कुनी? डोंगरातली, आदिवासी?"

होती! मी तेही शोधलं होतं. गुजरातेतली, विदर्भातली, ओडिशातली. तिकडच्यापेक्षा मोजकी, हे सांगितलं. थोड्या मात्रेत देऊनही गुण आला, हेही सांगितलं.

झुंबरबाई सुनेच्या पायावरून हात फिरवत म्हणाल्या, "तू वंगाळ बी सांगितलंस, म्हून बरं सांगितलेलं खरं वाटतंय." आवाज बदलला होता.

गोळी मात्र अजून तोंडात गेलेली नाही. झुंबरबाईंचं म्हणणं, "दत्तूला इचारते."

शनिवार, ११ ऑक्टोबर

रोशनीला घरी सोडलं. म्हणजे सायखेड्याला, बागेवर. रक्ताचे आकडे ठीक, हर्षालीने गोळ्या हातात दिल्या, कशा घ्यायच्या सांगितलं. "मुलाचं आत्ता नाही ना? गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. हवं वाटलं की आधी मला सांगायचं." रोशनीने मान डोलावली.

झुंबरबाईंनी गोळ्या कनवटीला लावल्या. दाराशी मला बाजूला घेतलं.
"बाय, माझं मन झालंय. पर टोळी? समदी म्हनतात कॅन्सरवाली सून. हिच्या हातचं पानी घेत नाय एकदोघी. मी गोळी दिली तं म्हनतील, बघा, हायच. मी एकली कुनाकुनाला सांगू?"
"मी काय करू?"
"मला वाचून दाखवलं तसं त्यांना दाखव. समद्यांसमोर."

डीन सरांना विचारायला गेले. "मॅडम, लायब्रेरियनने बागेत जाऊन काय करायचं? ते समाजसेवकाचं काम." म्हटलं, सर, कागद कुणाचा? माझा. तो गेला तिथे मीही जाते. उद्या रविवार आहे, कॉलेजचं काय जातंय? सर चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही ऐकणार आहात का माझं?" नाही म्हटलं. दोघंही हसलो.

रविवार, १२ ऑक्टोबर

फरहानच्या अब्बांनी स्कूटर काढली. इंदिरानगरहून सायखेडा, सगळा रस्ता बडबड. "लोकांच्या बायका रविवारी मॉलमध्ये नेतात नवऱ्याला. मला द्राक्षबागेत!" पण मुद्दाम रुमालात खजूर बांधून आणले होते पोरीसाठी.

दुपारची जेवणाची सुट्टी. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या झोपड्या, टोळीतली पंचवीस-तीस माणसं. मुकादम काळू बाजेवर. "आली का कॅन्सरवाली बाई!" मी म्हटलं, आले बाबा, बसायला दे. सगळी हसली, त्यालाच उठावं लागलं बाजेवरून.

वाचण्याआधी रोशनीला झोपडीमागे नेलं. म्हटलं, पोरी, तुझा आजार, तुझं औषध. सगळ्यांसमोर चालेल? नको असेल तर मी दुसरंच काहीतरी बोलून जाते.
ती म्हणाली, "त्यांना माहीतच आहे, आपा. चुकीचं माहीत आहे. मीच वाचते."

आणि वाचला तिनेच. उभं राहून, खणखणीत. तोच पहिला कागद, त्याच ओळीसकट. त्या ओळीपाशी थांबली आणि माझ्याकडे न बघता टोळीला म्हणाली, "इचारा आता."

विचारलं! हातचं पाणी प्यायलं तर लागतं का? नाही. जेवणाचं ताट एक केलं तर? नाही. काळूने विचारलं, "मंग हिलाच का झालं, तुमच्या-आमच्यात तं नाय?" रोशनी म्हणाली, "तपासलंय का तुमी, काळूदादा? आई-बापाकडून थोडं थोडं येतं. दिसत नाय, तरी असतं." काळूचं तोंड बघण्यासारखं. एक म्हातारी पदराआड रडायला लागली. तिची लेक अशीच ठणक्याने गेली होती, लोक म्हणाले बाहेरची बाधा. तिच्याजवळ जाऊन बसले. तिथे कागदाचं काही काम नव्हतं.

झुंबरबाई हे सगळं होईपर्यंत मागे उभ्या होत्या, हाताची घडी घालून. मग पुढे आल्या, कनवटीची गोळी काढली, ज्या दोघी पाणी घेत नव्हत्या त्यातल्या एकीला म्हणाल्या, "तुझ्या कळशीतलं दे गं." तिने दिलं. रोशनीने गोळी घेतली.

टाळ्या वगैरे काही नाही. सुट्टी संपली होती. सगळी उठून कात्र्या घेऊन ओळींत शिरली.

येताना फरहानचे अब्बा म्हणाले, "आता कळलं गलत काय होतं?"
"काय?"
"तू कागद अकेला भेजा था."
चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने पहिल्यांदा माझ्या कामाबद्दल काही बरोबर सांगितलं. मान्य केलं नाही मी तिथे. रुमालात उरलेला एक खजूर दिला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

गुरुवारचा बेत बदलला. आधी कागद वाटत होतो, माणसं निघून जायची. आता दवाखाना सुरू व्हायच्या आधी टेबलाभोवती बसायचं, कुणीतरी त्यांच्यातलंच वाचणार, मी शेजारी. घरी काय सांगणार, ते माझ्यासमोर एकदा बोलून दाखवायचं. जमलं तरच कागद पिशवीत. पेठच्या त्या माणसालाही निरोप धाडला. हर्षाली म्हणते, एसटी चुकेल लोकांची. चुकू दे, पुढची असते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रोशनी आली! रक्त ठीक. पेठचा मंगळूही आला, त्याने पुन्हा सुरू केली. त्याला वाचायला येत नाही म्हणून रोशनीने वाचून दाखवलं. मी कूलरचं पाणी पीत बघत होते. पिऊन झालं तरी पीतच होते.

शुक्रवार, १९ डिसेंबर

थंडी मरणाची. या आजाराला थंडी वाईट, म्हणून सायखेड्याला फोन केला. झुंबरबाई म्हणाल्या, "गोधड्या दोन घातल्यात, पानी प्यायला लावते, ठणका नाय. तू तुझं बघ, खोकतीस लय!"

मंगळवार, २० जानेवारी २०२६

वरचं राहिलेलं अर्धं दालनही जाणार. मी म्हटलं, घ्या. सर चकित झाले. त्यांना वाटलं होतं मी रडेन. पण एक अट घातली — माझ्यामागे जी ग्रंथपाल येईल तिची जागा मेडिसिनमध्ये धरायची, टेबल इथेच, आणि राउंडला जाणं तिच्या कामात लिहायचं. सर म्हणाले, नियमांत तसं पद नाही. म्हटलं, मी आले तेव्हा मुलीने जिल्द पोचवायचंही पद नव्हतं.

हर्षालीने आणि आणखी दोन विभागांनी सही करून मागणी दिली आहे. होईल. मला शंका नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

झुंबरबाईंचा फोन. डॉक्टरला नाही, मला. "सूनबाईला लेकरू हवंय. गोळी चालू हाय, बंद नाय केली, आदी इचारते. कवा थांबवायची, थांबवल्यावर तिचं काय हुईल, दत्तूचं रगत तपासायचं का, लेकराला येईल का — समदं हुडकून ठेव. वंगाळ बी. गुरुवारी येतो आमी चौघं. दत्तू बी येतो, काळू बी."

काळू कशाला, विचारलं.

"त्याला बी तपासायचंय."